साडेसातशे एमबी मोकळी, तरी जागा नाही

चवदार तळ्याकाठच्या एका संगणकाचे ८८ तास

२० मार्च, सकाळी १०.४०. महाडमध्ये चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आहे आणि त्याच पायऱ्यांवर नजर ठेवणारा पडदा काळा पडला आहे. कॅमेरा शाबूत आहे, वायर शाबूत आहे, वीजही आहे. संगणकाला विचारले तर सुमारे साडेसातशे एमबी मेमरी मोकळी असल्याचे तो सांगतो. मागणी अवघ्या १६ एमबीची, चार-चार एमबीच्या चार तुकड्यांत. ती पुरी होत नाही.

हा मदत कक्ष आणि हा संगणक कल्पित आहेत. त्यात चालणारे नियम मात्र खरे आहेत. ते लिनक्स कर्नलचे नियम आहेत, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच कर्नल आहे. तारीखही खरी आहे. १९२७ साली १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले करणारा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचाच होता, पण तो कागदावर पडून होता. पुढे खटला चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दरवर्षी या दिवशी महाडला माणूस लोटतो, आणि एवढी माणसे पाण्याकाठी जमणार म्हटल्यावर कुणीतरी पायऱ्यांवर डोळा ठेवायला हवाच.

तो डोळा कसा मिटला, याचा हा घटनाक्रम.

१६ मार्च, संध्याकाळी ६.४० : उरले ८८ तास

मदत कक्षातले यंत्र सुरू होते. जुना डेस्कटॉप, ४ जीबी मेमरी, त्यात एक स्वस्त व्हिडिओ कॅप्चर कार्ड आणि कार्डाला जोडलेला एक कॅमेरा.

कर्नल मेमरी ४ केबीच्या पानांत मोजतो. ४ जीबीत अशी १०,४८,५७६ पाने बसतात. यंत्र नुकतेच जागे झाल्यामुळे थोडी पाने कर्नलने स्वतःकडे घेतलेली सोडली तर बाकी सगळी कोरी आहेत आणि सलग आहेत. या मोकळ्या पानांचा हिशेब अकरा याद्यांत राहतो. ऑर्डर ०च्या यादीत सुटी पाने, ऑर्डर १मध्ये दोन सलग पानांचे तुकडे, ऑर्डर २मध्ये चारांचे; असे दुप्पट करत ऑर्डर १०मध्ये १,०२४ सलग पानांचे, म्हणजे ४ एमबीचे तुकडे. लहान तुकडा हवा असेल तर मोठा मधोमध चिरायचा. चिरलेले दोन्ही अर्ध पुन्हा मोकळे झाले की ते जोडून मोठा करायचा. या 'बडी' पद्धतीवर केनेथ नोल्टन यांचा लेख १९६५ साली छापून आला. त्याआधी १९६३मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी ती वापरल्याची नोंद डोनाल्ड कनूथ यांनी केली आहे. या मार्कोविट्झ यांना पुढे १९९०मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पद्धत वेगवान आहे, पण तिची एक अट कडक आहे : जोड होण्यासाठी दोन्ही अर्ध पूर्ण मोकळे हवेत. ५१२ पानांच्या अर्धात एक पान जरी गुंतलेले असले, तरी जोड होत नाही.

कॅमेरा सध्या ७२० रेषांच्या चित्रावर लावला आहे. १,२८० गुणिले ७२० बिंदू, प्रत्येकी २ बाइट : एका फ्रेमला १८,४३,२०० बाइट. बडीच्या हिशेबात हे २ एमबीवर, म्हणजे ऑर्डर ९वर जाते. ड्रायव्हर अशा चार फ्रेमची जागा मागतो आणि ती तत्क्षणी मिळते. चारही तुकडे एकमेकांना लागून आहेत.

जागा सलगच का लागते? प्रोसेसरला ती सलग नसली तरी चालते. कारण प्रोग्राम जो पत्ता वापरतो आणि मेमरीच्या चिपमधला जो खरा पत्ता असतो, त्यांच्यामध्ये पेज टेबल नावाची भाषांतराची वही असते. पाने कुठेही विखुरलेली असोत, वहीमुळे प्रोग्रामला ती ओळीने दिसतात. काही कार्डे सुट्या पानांची यादी घेऊनही काम करतात. काही मदरबोर्डांवर कार्डांसाठी वेगळी वही असते, तिला आयओएमएमयू म्हणतात. या यंत्रात यातले काहीच नाही. कार्डाला फक्त सुरुवातीचा खरा पत्ता कळतो, आणि तिथून पुढे ते डोळे झाकून लिहीत सुटते.

१९ मार्च, सकाळी १०.४० : उरले २४ तास

मुंबई-गोवा महामार्गाने एसट्या येऊ लागल्या आहेत. काही लोक कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून, तर काही घाट उतरून पोलादपूरकडून येत आहेत. कॅमेऱ्याचे चित्रण तीन दिवस डिस्कवर उतरत आहे. डिस्कवर जे काही लिहिले-वाचले जाते त्याची एक प्रत कर्नल रिकाम्या मेमरीत ठेवतो. हा पेज कॅश. रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी, असे कर्नलचे धोरण असते. त्यामुळे 'मोकळी' या सदरातला आकडा खाली आला आहे, आणि ते ठीकच आहे. ही पाने मागताक्षणी परत मिळतात.

शिवाय ती हलवता येतात, आणि पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे. पेज कॅशचे पान असो वा एखाद्या प्रोग्रामचे, कर्नल त्याचा मजकूर दुसऱ्या पानावर उतरवतो, वहीतली नोंद बदलतो आणि जुने पान मोकळे करतो. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. कर्नलची स्वतःची पाने अशी हलत नाहीत. कर्नल त्यांच्याकडे खऱ्या पत्त्यात एक ठरावीक संख्या मिळवून थेट पोहोचतो. त्यांचे पत्ते शेकडो ठिकाणी लिहिलेले असतात आणि ते सगळे शोधून बदलण्याची सोय नसते. पान जिथे दिले, तिथेच ते परत होईपर्यंत बसून राहणार.

महाडच्या बाजारपेठेला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी चढू लागले की दुकानदार माल माळ्यावर नेतो. भिंतीत चिणलेली तिजोरी मात्र आहे तिथेच राहते. दहा तिजोऱ्या एकाच खोलीत असतील तर बाकी घर रिकामे करता येते. दहा खोल्यांत एकेक असेल तर एकही खोली पुरती रिकामी होत नाही.

लिनक्सने ही शिस्त उशिरा लावून घेतली. मेल गॉर्मन यांनी पाने त्यांच्या हलण्याच्या क्षमतेनुसार वेगळी ठेवण्याची मांडणी केली, आणि ती २००८च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत आली. तेव्हापासून मेमरीचे ब्लॉक पाडले जातात. आपल्या यंत्रात एक ब्लॉक २ एमबीचा, ५१२ पानांचा आहे, आणि ४ जीबीत असे २,०४८ ब्लॉक आहेत. प्रत्येक ब्लॉकवर एक चिठ्ठी असते : हलवता येणारी पाने, अचल पाने, किंवा गरज पडल्यास पुसून परत घेता येतील अशी कर्नलचीच पाने. ज्या जातीचे पान मागितले जाते ते त्या चिठ्ठीच्या ब्लॉकमधून द्यायचे. सुरुवातीला जवळजवळ सगळ्या ब्लॉकांवर हलत्या पानांची चिठ्ठी असते.

आत्तापर्यंत ही शिस्त पाळली गेली आहे.

१९ मार्च, दुपारी ४.४० : उरले १८ तास

मदत कक्षाने याच संगणकावरून वायफायने एक छोटे पान दाखवायला सुरुवात केली आहे. तळे, क्रांतिस्तंभ, राष्ट्रीय स्मारक, पाण्याचे नळ आणि बसथांब्यांचा नकाशा त्यावर आहे, हरवलेल्या माणसांची नोंदही आहे. लोक फोन जोडत आहेत.

प्रत्येक जोडणीमागे कर्नल एक सॉकेट उघडतो. आलेल्या-गेलेल्या डेटासाठी तो तात्पुरती जागा घेतो. नवा प्रोग्राम उभा राहिला की त्याची पेज टेबले लागतात, आणि प्रत्येक धाग्याला कर्नलच्या बाजूचा १६ केबीचा स्टॅक लागतो. यातले काहीही हलत नाही. अचल पानांची मागणी वाढते आहे, आणि अचल ब्लॉकांची संख्या अजून सकाळइतकीच आहे.

१९ मार्च, रात्री १०.४० : उरले १२ तास

या घटनाक्रमातला निर्णायक क्षण हाच आहे. तो कुणाला दिसत नाही आणि कुठल्याही लॉगमध्ये त्याची ओळ उमटत नाही.

मुक्कामाला आलेल्या लोकांनी फोन पुन्हा जोडले आहेत. कर्नलला एक अचल पान हवे आहे आणि अचल ब्लॉकांच्या याद्या रिकाम्या झाल्या आहेत. 'जागा नाही' म्हटले तर नेटवर्क अडखळेल. म्हणून कर्नल उसनवारी करतो. आधी तो परत घेता येणाऱ्या पानांच्या याद्यांत पाहतो. तिथे नसेल तर हलत्या पानांच्या याद्यांकडे वळतो.

उसनवारीही विचार करून होते. तो हाताला लागेल तो लहान तुकडा उचलत नाही, उपलब्ध असलेला सर्वांत मोठा उचलतो. निदान पुढच्या काही मागण्या त्याच ब्लॉकात भागाव्यात आणि दुसरा ब्लॉक बाटू नये, हा त्यामागचा हिशेब. त्या ब्लॉकातली उरलेली मोकळी पानेही तो अचल यादीत ओढतो. ब्लॉकातली निम्मी किंवा अधिक पाने मोकळी वा आपल्या जातीची निघाली तर ब्लॉकची चिठ्ठी बदलते आणि तो रीतसर अचल होतो. तेवढी न निघाल्यास चिठ्ठी 'हलती'च राहते, आणि आत एक न हलणारे पान बसते.

पेज कॅशने मेमरी भरलेली असल्याने निम्मे मोकळे ब्लॉक आता फारसे उरलेले नाहीत. म्हणून रात्री १०.४० नंतरच्या बहुतेक उसनवाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

२०१९ सालच्या ५.० आवृत्तीत गॉर्मन यांनीच यावर एक उतारा दिला. अशी उसनवारी झाली की कर्नल मोकळ्या जागेची किमान पातळी काही काळ वाढवतो आणि केस्वॉपडी या पार्श्वभूमीतल्या कामगाराला जास्तीची पाने रिकामी करायला उठवतो. त्याने पुढच्या उसनवाऱ्या कमी होतात, थांबत नाहीत. आणि ज्या होऊन गेल्या, त्या होऊनच गेल्या.

२० मार्च, रात्री २.४० : उरले ८ तास

गर्दी झोपली आहे. संगणकाला मात्र रात्रीचे काम लावून दिलेले आहे : डिस्कवरच्या सगळ्या फाइली धुंडाळून बॅकअपची यादी करणे. प्रत्येक फाइलचे नाव समोर आले की कर्नल त्याची एक नोंद मेमरीत ठेवतो. तिला डेन्ट्री म्हणतात. नेहमीच्या ६४ बिटी यंत्रावर ती १९२ बाइटची असते आणि ४ केबीच्या एका पानात अशा २१ नोंदी बसतात.

ही पाने तिसऱ्या जातीची, म्हणजे गरज पडल्यास पुसता येणारी. लाखो नोंदी तयार होतात आणि काम संपल्यावर कर्नल जागेसाठी त्या पुसायलाही लागतो. पण पान मोकळे व्हायला त्यावरच्या एकवीसच्या एकवीस नोंदी गेल्या पाहिजेत. वीस गेल्या आणि एकविसावी फाइल कुणीतरी उघडी ठेवली असेल, तर पान अडकले. पान अडकले की त्याचा २ एमबीचा ब्लॉक पुरता मोकळा होत नाही. १९२ बाइटांची एक नोंद २०,९७,१५२ बाइटांना सलग होऊ देत नाही.

हाच हिशेब आता पूर्ण यंत्राला लावून पाहू. ४ जीबीत ४ एमबीचे १,०२४ तुकडे पडतात. प्रत्येकात फक्त एक अचल पान बसले, तर एकूण १,०२४ पाने, म्हणजे अवघी ४ एमबी गुंतली. मेमरीचा हजारावा भागही नाही. तरीही संपूर्ण यंत्रात ४ एमबीची एकही सलग जागा उरत नाही. तीच ४ एमबी एकत्र असती तर तिने एकच तुकडा अडवला असता आणि १,०२३ मोकळे राहिले असते.

२० मार्च, पहाटे ५.४० : उरले ५ तास

केकॉम्पॅक्टडी नावाचा कामगार उठतो. मेमरी सलग करणे हे त्याचे काम. कॉम्पॅक्शनची सोय लिनक्समध्ये २०१०च्या २.६.३५ आवृत्तीपासून आहे. त्यासाठी वेगळा पार्श्वभूमीतला कामगार २०१६च्या ४.६ आवृत्तीत आला. मागणी येण्याआधीच थोडे-थोडे सलग करत राहण्याची नितीन गुप्ता यांची सुधारणा २०२०च्या ५.९ आवृत्तीत आली.

कामाची रीत साधी आहे. एक शोधक मेमरीच्या तळापासून वर निघतो आणि हलवता येण्याजोगी पाने गोळा करतो. दुसरा वरून खाली येतो आणि मोकळी पाने गोळा करतो. पहिल्याची पाने दुसऱ्याच्या जागेत उतरवली जातात. दोघे वाटेत भेटले की फेरी संपते. सगळी पाने हलती असतील तर फेरीनंतर तळाची बाजू सलग मोकळी मिळते.

आज पहाटे पहिल्या शोधकाला ब्लॉकामागून ब्लॉकात न हलणारे पान भेटते आहे. त्याच्या शेजारची पाने तो हलवतो, पण ब्लॉक पुरता रिकामा होत नाही. अर्ध मोकळे, अर्ध अडकलेले. बडीची जोड होत नाही. या फेरीतून लहान-मध्यम तुकडे बरेच मिळतात, मोठा मिळत नाही.

अपयशाची नोंद कर्नल ठेवतो. फेरी फुकट गेली की पुढचे काही प्रयत्न तो टाळतो. पुन्हा फुकट गेली की टाळण्याची संख्या दुप्पट करतो, आणि हे ६४ प्रयत्नांपर्यंत वाढू शकते. प्रोसेसरचा वेळ वाचवण्यासाठी हे शहाणपणाचेच आहे. पण सर्वांत गरज असेल तेव्हा कामगार निरुत्साही असण्याची शक्यता त्यातूनच येते.

२० मार्च, सकाळी ७.४० : उरले ३ तास

तळ्याकडे जाणारे रस्ते भरू लागले आहेत. चित्रणाचा प्रोग्राम जोरात लिहितो आहे. डिस्क किंवा नेटवर्क कार्ड एखाद्या प्रोग्रामच्या पानात थेट लिहीत-वाचत असेल, तर तेवढा वेळ ते पान हलवून चालत नाही, नाहीतर कार्ड भलत्याच्या मजकुरावर लिहून मोकळे होईल. म्हणून कर्नल अशा पानांना टाचणी मारून ठेवतो. जातीने हलते असलेले पान तेवढ्यापुरते अचल होते. बहुतेक टाचण्या क्षणभराच्या असतात. पण मेमरीचा एकेक भाग दाटीने वापरात असताना कॉम्पॅक्शनच्या वाटेत अशा क्षणभराच्या टाचण्याही पुष्कळ येतात.

२० मार्च, सकाळी ९.४० : उरला १ तास

जुने चित्रण डिस्कवरून पुसले गेल्यामुळे त्याची कॅशमधली पाने सुटली आहेत. मदत कक्षातल्या कुणी या वेळी संगणकाची प्रकृती पाहिली असती तर ती उत्तम वाटली असती. मोकळी मेमरी ७५४ एमबी, प्रोसेसर निवांत, डिस्कला जागा.

बडीइन्फो नावाची एक फाइल कर्नल कायम उघडी ठेवतो. तिच्यात ऑर्डर ० ते १०चे अकरा आकडे डावीकडून उजवीकडे एका ओळीत असतात. आपल्या कल्पित यंत्रात या घडीला ते असे आहेत : ४१,२००, २२,६००, ११,९००, ४,१००, १,०५०, २१०, ३१, ४, १, ०, ०.

यांची बेरीज केली तर ७५४ एमबीच येते. पण ती वाचायची असते उजवीकडून. शेवटचे दोन आकडे शून्य आहेत : २ एमबीचा एक तुकडा नाही आणि ४ एमबीचाही नाही. १ एमबीचा फक्त एक आहे. मोकळ्या जागेचा फार मोठा भाग चार, आठ आणि सोळा केबीच्या चिंध्यांत आहे. देखरेखीच्या बहुतेक पडद्यांवर एकच एकूण आकडा दाखवतात, आणि एकूण आकड्यात हे दिसत नाही.

तरीही कॅमेरा नीट चालू आहे. त्याच्या चार फ्रेमची जागा १६ मार्चपासून त्याच्याच ताब्यात आहे. कुणी हात लावला नसता तर दिवस असाच गेला असता.

२० मार्च, सकाळी १०.३८ : उरली २ मिनिटे

पायऱ्यांवर दाटी झाली आहे. पाण्यालगतच्या पायरीवरचे चेहरे नीट दिसत नाहीत म्हणून कुणीतरी सुचवते : चित्र स्पष्ट करा, १०८० रेषांवर न्या. सूचना योग्य आहे. मेनूत एक टिचकी मारली जाते.

आकार बदलायचा म्हणजे ड्रायव्हरला जुनी जागा सोडून नवी मागावी लागते. १,९२० गुणिले १,०८० बिंदू, प्रत्येकी २ बाइट : ४१,४७,२०० बाइट. १,०१३ पाने. बडीच्या हिशेबात १,०२४, म्हणजे ऑर्डर १०. यादीतला हा सर्वांत मोठा तुकडा, याच्या वर काही नाही.

चित्रणाचा प्रोग्राम शिस्तीने आधी जुने सोडतो. चार फ्रेमची जागा मोकळी होते. शेजारच्या जोड्या जुळतात आणि ऑर्डर १०च्या यादीत अचानक ४ एमबीचे दोन तुकडे येतात. कित्येक तासांत पहिल्यांदाच.

२० मार्च, सकाळी १०.३९ : उरले १ मिनिट

हे दोन तुकडे अचल चिठ्ठीच्या ब्लॉकांत आहेत, कारण कार्डासाठी घेतलेली जागा अचलच धरली जाते. आणि अचल पानांसाठी कर्नल रात्रभर दारोदार फिरतो आहे. गर्दीतले फोन नकाशा मागत आहेत. नेटवर्कसाठी पान हवे आहे आणि नियमाप्रमाणे आधी स्वतःच्याच यादीत पाहायचे आहे. तिथे आता माल आहे. प्रोग्राम नव्या सेटिंगने पुन्हा उभा राहीपर्यंत पहिला तुकडा चिरला जातो : दोन एमबी, एक एमबी, अर्धा, पाव, आणि शेवटी सुटी पाने. त्यांच्यात सॉकेट जाऊन बसतात.

२० मार्च, सकाळी १०.४०

ड्रायव्हर ४ एमबीच्या चार फ्रेम मागतो. पहिलीला उरलेला तुकडा मिळतो. दुसरीसाठी यादी रिकामी. कर्नल इथे लगेच हात झटकत नाही. तो मागणाऱ्यालाच थांबवून कॉम्पॅक्शनची फेरी काढतो. पेज कॅशमधली पाने रिकामी करून पाहतो. पुन्हा फेरी काढतो. मोकळी मेमरी आणखी वाढते, सलग जागा निघत नाही.

मेमरी संपली की कर्नल एखादा प्रोग्राम मारून जागा करतो, अशी त्याची ख्याती आहे. इथे तो तसे करत नाही. ऑर्डर ३च्या वरची मागणी तो महागडी समजतो आणि तिच्यासाठी कुणाचा बळी देत नाही. नकार कळवतो आणि पुढे जातो. लॉगमध्ये ओळ उमटते : 'पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर १०'.

या कार्डाला किमान तीन फ्रेम लागतात. एकच मिळाली, म्हणून ड्रायव्हर तीही परत करतो. पडदा काळा.

माणूस घाईने मागे जातो : पुन्हा ७२०. त्यासाठी २ एमबीचे किमान तीन तुकडे हवेत. उरलेला ४ एमबीचा तुकडा चिरून दोन निघतात. तिसरा नाही. दोन मिनिटांपूर्वी जे चालू होते तेही आता चालू होत नाही. कॅमेरा काढून लावला जातो, वायर बदलली जाते, प्रोग्राम बंद करून उघडला जातो. या सगळ्यात मोकळ्या मेमरीचा आकडा साडेसातशेच्या खाली येत नाही.

शेवटी कुणीतरी यंत्रच बंद करून चालू करतो आणि चित्र येते, तेही १०८० रेषांचे. 'बंद करून चालू कर' या सल्ल्यामागे इथे जादू नाही. बंद होताना सगळ्या तिजोऱ्या उखडल्या गेल्या आणि मेमरी पुन्हा १६ मार्चच्या संध्याकाळसारखी कोरी आणि सलग झाली. पण सुरू होऊन नेटवर्क, डिस्क आणि कॅमेरा जागेवर येईपर्यंतची मिनिटे गर्दीच्या ऐन भरातली होती.

हिशेब

चौकशी झाली तर बोट १०.३८च्या टिचकीकडे जाईल. फार तर १०.४०च्या लॉगकडे. पण टिचकीने काही मोडले नाही, तिने आधीच मोडलेले उघड केले. मोडतोड आदल्या रात्री १०.४०पासून चालू होती, आणि तिच्यातला प्रत्येक निर्णय त्या क्षणी बरोबर होता. नेटवर्कला पान नाकारावे, असे कुणी म्हटले नसते. कर्नलपुढे जेव्हा जेव्हा आत्ताची एक लहान मागणी आणि नंतर कधीतरी येऊ शकणारी मोठी मागणी उभी राहते, तेव्हा तो आत्ताची पुरवतो. नंतरच्या मागणीच्या वतीने त्या वेळी कुणी बोलणारे नसते.

म्हणून बोलायचे ते आधी. त्याचे मार्गही आहेत. मेमरीचा एक पट्टा फक्त हलत्या पानांसाठी वेगळा काढता येतो. त्यात कर्नल अचल पाने कधीच ठेवत नाही, कितीही नड आली तरी. याहून नेमका उपाय सीएमए, म्हणजे कार्डांसाठी राखून ठेवलेला सलग पट्टा. तो २०१२च्या ३.५ आवृत्तीत मिखाऊ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्स्की यांच्या कामातून आला. त्याची खुबी अशी की राखीव जागा रिकामी पडून राहत नाही. कार्डाला नको असते तेव्हा तिथे हलती पाने राहू शकतात. कार्डाने मागितली की त्यांना दुसरीकडे हलवले जाते. अचल पानाला तिथे प्रवेशच नाही, त्यामुळे 'हलवा' म्हटल्यावर सहसा हलवता येते. आपल्या यंत्रात असा पट्टा ठेवलेला नव्हता.

सर्वांत स्वस्त उपायाला कर्नलची कुठलीच खास सोय लागत नाही. कॅमेरा कधीतरी १०८० रेषांवर न्यावा लागेल, हे १६ मार्चला ठाऊक असण्यासारखे होते. प्रोग्रामने तेव्हाच सर्वांत मोठ्या चित्राची जागा घेऊन ठेवायची, लहान चित्र त्यातच चालवायचे आणि जागा दिवसभर सोडायची नाही. चार फ्रेम, प्रत्येकी ४ एमबी : एकूण १६ एमबी, ४,०९६ एमबीपैकी ०.४ टक्के. त्या संध्याकाळी ती एका क्षणात मिळाली असती. २० मार्चला सकाळी तिची किंमत पूर्ण यंत्र बंद करण्याइतकी झाली होती.